एक पंप चालू, एक तयार

बहारीनच्या विमानतळावर निरोप द्यायला आलेली माणसं मी भरपूर पाहिली. रडणारी पाहिली, रडू येत नाही म्हणून ओशाळलेली पाहिली, गावच्या कुणासाठी तरी शेवटच्या क्षणी पार्सल हातात कोंबणारी तर दर खेपेला पाहिली. पण देश सोडून कायमच्या निघालेल्या माणसाकडे मिशी परत मागणारा माणूस एकच पाहिला.

मिशी सेनापतीची होती. सेनापती पोटापाण्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. व्हिसा कॅन्सल करून, बायको, दोन मुलं आणि एक अवाढव्य टीव्ही घेऊन तो पुण्याला परत निघाला होता. सामानाच्या रांगेत त्याचा नंबर लागतो न लागतो तोच एका खांबामागून पंप अंकल प्रकट झाले.

"सेनापती, मिशी राहिली."

"अहो, पुण्याहून पाठवतो ना."

"पुण्याहून परत काही येत नाही. कुठल्या बॅगेत आहे?"

सेनापतीच्या बायकोने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेसमोर आमच्या नाटकातली शत्रूची अख्खी फौज टिकली नसती. बॅग उघडली गेली. मिशी एका मोज्यात सापडली. पंप अंकलनी ती उजेडात धरून तपासली, तिच्यावर फुंकर मारली, शर्टाच्या खिशात घातली आणि सेनापतीचा हात हातात घेऊन म्हणाले, "सुखरूप जा. नवा सेनापती शुक्रवारपासून उभा राहतोय."

आपलं श्राद्ध कुठल्या तिथीला आहे हे जिवंतपणीच कळावं, तसा त्या इंजिनिअरचा चेहरा झाला.

पंप अंकल हे नाव मुलांनी ठेवलेलं. मुलं ते तोंडावर म्हणत आणि आम्ही मोठी माणसं पाठीमागे, एवढाच दोन पिढ्यांतला फरक. अंकल जहाजदुरुस्तीच्या गोदीत प्लॅनिंग खात्यात होते. कुठल्या जहाजाला कुठला सुटा भाग कधी लागेल हे आधीच ओळखून तो आणून ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याकडूनच मला कळलं की जहाजावर महत्त्वाच्या प्रत्येक पंपाला एक जोडीदार असतो. एक चालतो, दुसरा पुसूनबिसून, तेल घालून नुसता उभा असतो. पहिला बंद पडला की दुसरा सुरू. "एक पंप चालू, एक तयार," हे त्यांचं आवडतं वाक्य. "भर समुद्रात जहाज थांबवून मेकॅनिक शोधत बसता येत नाही."

जहाजांपुरतं हे ठीकच होतं. त्यांनी ते संगीत नाटकाला लावलं.

नाटकाचं नाव 'संगीत पैंजणहरण'. ते त्यांच्या मामांनी लिहिलं होतं आणि मायदेशी एकाही नाटक कंपनीने त्याला बोट लावलं नव्हतं. मामांच्या पश्चात भाच्याने ते आखातात आणलं. इथे स्पर्धा कमी होती. कथा साधी आहे. राणीच्या पायातलं एक पैंजण नाहीसं होतं, राजाला भलता संशय येतो, आणि मधले अडीच अंक सगळे त्याबद्दल गातात. तिसऱ्या अंकात राजा भर दरबारात विचारतो, "पैंजण कुठे आहे?" राणी क्षणभर थांबते आणि म्हणते, "ज्याचं होतं, त्याच्याकडे गेलं." म्हणजे कुणाकडे, ते मामांनी पुढच्या पदात सांगितलंय, पण तोवर प्रेक्षक डोळे पुसत असल्यामुळे कुणाच्या लक्षात राहत नाही.

तालमी गुदैबियात, एका कोल्ड स्टोअरच्या वरच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळी होत. कोल्ड स्टोअर म्हणजे आपलं किराणा दुकान. खालून संत्री आणि फिनेलचा मिश्र वास येई आणि वर दरबार भरे. जुम्म्याची वेळ झाली की राजा उठून मशिदीत जाई, कारण आमचे राजे दाऊदभाई हे रत्नागिरीकडचे, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात कामाला. दरबाराचा उरलेला भाग राजाशिवाय चाले. "जमतं की नाही?" पंप अंकल आम्हाला रिकामं सिंहासन दाखवून म्हणत. "उगाच म्हणतात, राजाशिवाय राज्य चालत नाही." मग दाऊदभाई बिर्याणीचं पातेलं घेऊन परत येत आणि राज्य एकदम मोडकळीला येई.

मी प्रॉम्प्टर होते. एका विमा कचेरीत कामाला होते आणि सांस्कृतिक कार्याबद्दल मला आदर वाटे, तो लांबूनच. पण एका तालमीला मैत्रिणीबरोबर गेले असताना अंकलनी माझ्या हातात संहिता देऊन एक पान वाचायला सांगितलं. मी वाचलं. ते खूश होऊन म्हणाले, "तुम्हाला अभिनय अजिबात येत नाही. फार बरं झालं." तेव्हापासून मी डाव्या विंगेत.

आता त्यांचं नाट्यशास्त्र. जगात इतर ठिकाणी नट मरेपर्यंत नट असतो. आखातात तो कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत असतो. आज गाणारा माणूस पुढच्या महिन्यात मस्कतला नाहीतर मुलुंडला. म्हणून नाटक असं बांधायचं की त्यातला कुठलाही माणूस काढून दुसरा बसवता आला पाहिजे. प्रत्येक भूमिकेला एक स्टँडबाय असे. तो प्रत्येक तालमीला कोपऱ्यात बसून ओठ हलवत राही. हँडबिलावर नटांची नावं नसत; 'राजा, राणी, सेनापती, प्रधान' एवढंच. नाटक संपल्यावर एकेकट्याने पुढे येऊन नमस्कार करायला बंदी. मुंबईच्या एका बँकवाल्याने स्वतःचं नाव छापत नाहीत एवढ्यासाठी भालदाराचं काम सोडून दिलं. अंकलनी त्याच संध्याकाळी दुसरा भालदार उभा केला.

माणसांना ते भूमिकेच्याच नावाने हाक मारत, आणि भूमिका सोडली तरी हाक सुटत नसे. एकदा मनामाच्या भाजीबाजारात त्यांनी "अहो सेनापती!" अशी आरोळी दिली तर तीन पुरुषांनी वळून पाहिलं. चौथा पालक निवडत होता म्हणून त्याला ऐकू आलं नाही.

आणि हँडओव्हर. नोकरी सोडताना आपलं काम पुढच्याला समजावून द्यायचं, ही आखातातल्या कचेऱ्यांची रीत. अंकलनी ती रंगभूमीवर आणली. जाणाऱ्याने दोन शुक्रवार नव्याबरोबर बसायचं आणि सगळं द्यायचं: चाल, ताना, कुठे दम घ्यायचा, कुठे तलवार म्यानातून लवकर निघत नाही. नवा माणूस आज्ञाधारकपणे सगळं घेई. पहिल्या प्रयोगाला प्रधानाला सर्दी झाली होती. तेव्हापासून आमचा प्रत्येक प्रधान पहिल्या प्रवेशात खोकत आला आहे.

अंकल स्वतः प्रयोगाच्या वेळी माझ्या शेजारी डाव्या विंगेत उभे राहत. तिसरी घंटा झाली की ते खाली वाकत, डाव्या पायातला बूट काढत आणि पडदा पडेपर्यंत तो हातात धरून उभे राहत. असं का, यावर बहारीनमधल्या मराठी समाजात बरंच संशोधन झालं होतं. तबलजीचं म्हणणं, त्यांना ठेका फळीतून तळपायाला कळतो. दाऊदभाई म्हणत, "रंगभूमीचा मान हाय तो. एक पाय इबादतीला, एक पाय ड्यूटीला." मी एकदा सरळच विचारलं, तर "तिसरी घंटा झाली, बोलू नका" असं उत्तर मिळालं.

एवढ्या सगळ्या बंदोबस्तातूनही आमच्याकडे दोन स्टार निर्माण झालेच. राजा दाऊदभाई आणि राणी कुमुदताई.

कुमुदताई एका बँक अधिकाऱ्याच्या पत्नी. आवाज चांगला, पण खरी ख्याती त्यांच्या नजरेची. तिसऱ्या अंकात राजाने "पैंजण कुठे आहे?" विचारल्यावर त्या उत्तर देण्याआधी हळूच मान वळवून डावीकडे पाहत. बस्स. पाहत आणि परत वळत. पण त्या पाहण्यात काय नव्हतं! लोक त्यासाठी येत. एक गृहस्थ तर पहिले दोन अंक बाहेर गाडीत एसी लावून झोपत आणि नजरेपुरते आत येत. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी एका भाषणात त्या नजरेला 'आखाती रंगभूमीचा मानबिंदू' म्हटलं. अध्यक्षांची भाषणं हा आमच्या नाटकाचा अलिखित पहिला अंक असे. दीपप्रज्वलन, हार, शाल, पुन्हा हार, आणि मग थकलेल्या प्रेक्षकांसमोर पडदा.

त्या वर्षी उन्हाळ्यात कुमुदताईंच्या यजमानांची बदली झाली. आणि तेवढ्यात दाऊदभाईंनीही गावी घर बांधून झालं, आता पुरे, असं ठरवलं. एकाच सुट्टीत राजा गेला आणि राणी गेली.

अध्यक्षांनी सीफकडच्या एका नव्या हॉटेलात कमिटीची बैठक बोलावली. चहाबरोबर एवढीएवढीशी सँडविचेस होती.

"भावना बाजूला ठेवून विचार करू," अध्यक्ष म्हणाले. "लोक कुमुदताईंना बघायला येत होते. त्या गेल्या, नाटक गेलं. दिवाळीची हॉलची तारीख आपल्याकडे आहे. मुंबईहून एक ऑर्केस्ट्रा येतोय. नामवंत कलाकार आहेत."

"त्या नामवंतांचा घसा बसला तर?" पंप अंकल म्हणाले.

"म्हणजे?"

"स्टँडबाय कोण आहे?"

"अहो, कलाकाराला स्टँडबाय नसतो!"

"मग कसले नामवंत! एका घशावर अख्खी दिवाळी!"

शेवटी असं ठरलं की दिवाळीचा प्रयोग नव्या माणसांना घेऊन करायचा. रंगला तर 'पैंजणहरण' पुढे चालू. पडला तर नाटक बंद, कपड्या-मुकुटांचा पेटारा विकून टाकायचा आणि पुढच्या वर्षापासून हॉल ऑर्केस्ट्राला. अंकलनी "कबूल" म्हणून सँडविच उचललं. मी त्यांच्या शेजारी होते. सँडविच चिमटीतून सुटलं आणि त्यांनी ते दुसऱ्यांदा उचललं, हे फक्त मला दिसलं. मामांचं नाटक जगात आणखी कुठेच होत नव्हतं. इथे बंद म्हणजे बंदच.

राजाचा प्रश्न सहज सुटला. कोकणातल्या माणसाची आखातातली जागा कधी रिकामी होत नाही. तो जायच्या आधीच गावचं कुणीतरी त्याच्या जागेवर येऊन पोहोचलेलं असतं. "काय काळजी करू नुको, साहेब," दाऊदभाई म्हणाले. "माझा मेवणा येतोय. गोदामात पण माझ्या जागेवर, गादीवर पण." इतिहासात राज्यं मेहुण्यांकडे गेल्याची उदाहरणं आहेत, पण त्याआधी बहुधा विषप्रयोग होतो. इथे बिर्याणी झाली. मेहुणा गात होता छान, फक्त चणीने लहान होता. मुकुट नाकावर यायचा. आत वर्तमानपत्र कोंबून तो वर ठेवला.

राणीची स्टँडबाय होती वनिता. ती इचलकरंजीकडची, एका इस्पितळात नर्स. अंगाने भक्कम, आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारा. कित्येक शुक्रवार ती कोपऱ्यात बसून कोथिंबीर निवडत ओठ हलवत आली होती.

"मला न्हाई जमायचं बघा, काका," ती म्हणाली. "कुमुदताई कुठं, मी कुठं! माणसं उठून जातील."

"तू बसून होतीस ना इतके दिवस? मग आता उठायचं. यल्ला, चल."

कुमुदताईंना हँडओव्हर अपमानासारखा वाटला. "म्हणजे मी गेल्यावर माझी आठवण काढायला जागासुद्धा ठेवणार नाही तुम्ही?"

"आठवण घरी काढतात," अंकल म्हणाले. "स्टेजवर तेवढा वेळ नसतो."

कुमुदताई थोड्या रडल्या, मग पदर खोचून शिकवायला बसल्या, आणि एकदा बसल्यावर त्यांनी काहीसुद्धा हातचं राखलं नाही. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम नोंदवते. दुसऱ्या शुक्रवारी तिसरा अंक आला.

"राजा विचारतो पैंजण कुठे आहे. मग तू डावीकडे बघायचं," त्या म्हणाल्या. "हळू. इथेच लोकांना रडू येतं."

"डावीकडं काय असतं, ताई?"

कुमुदताई थांबल्या. "काय असतं म्हणजे? काही नसतं. माझ्या आधीची बघायची."

आखाती रंगभूमीचा मानबिंदू कुणातरी आधीचीचा निघाला होता. सगळ्यांनी अंकलकडे पाहिलं. ते हार्मोनियमवर कापूस ठेवून वाती वळत होते.

"तिचं मूल," ते मान वर न करता म्हणाले. "पहिली राणी. बाळंतपण होऊन चार महिने झाले असतील. मूल सांभाळायला कुणी नव्हतं. खालून कोल्ड स्टोअरमधून संत्र्यांचं खोकं आणलं, त्यात दुपटं घातलं आणि डाव्या विंगेत ठेवलं. मोठा प्रवेश सुरू व्हायचा आणि हिचा जीव तिकडे. उठलं की काय म्हणून बघायची."

"म्हणजे इतकी वर्षं," कुमुदताई म्हणाल्या, "मी एका खोक्याकडे बघत होते?"

"खोकं कधीच गेलं. तिच्यामागोमाग तुम्ही आलात, तेव्हा तिथे काहीच नव्हतं." अंकलनी वात वळून बाजूला ठेवली. "तुम्ही रिकाम्या जागेकडे बघत होतात. ते जास्त अवघड आहे."

त्यांच्या तोंडून कुणाचीही एवढी स्तुती मी त्याआधी ऐकली नव्हती. कुमुदताईंनाही ती स्तुती आहे हे कळायला थोडा वेळ लागला. विमानतळावर त्यांनी राणीची नथ आपण होऊन काढून दिली. मागावी लागली नाही.

दिवाळीचा प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये होता. अध्यक्षांनी भाषणात "आज आपल्यात नसलेल्या कुमुदताई" असा उल्लेख केल्यामुळे मागच्या रांगेतल्या दोन बायका हळहळल्या. पहिला अंक थंड गेला. वनिता घाबरून इतकी वरच्या पट्टीत गेली की तबलजीने माझ्याकडे दयेच्या अपेक्षेने पाहिलं. राजाच्या मुकुटातलं वर्तमानपत्र कानामागून बाहेर येऊ लागलं. मध्यंतरात निम्मे लोक बटाटेवडे खायला बाहेर गेले आणि त्यातले बरेच तिथेच रमले. अध्यक्ष विंगेत येऊन अंकलच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या हाताचं वजन प्रेताच्या खांदेकऱ्यांना ओळखीचं असतं.

"काका, माफ करा हां," वनिता कपाळ पुसत म्हणाली.

"माफी मफी. तिसरा अंक." अरबीत 'मफी' म्हणजे 'नाही'.

तिसऱ्या अंकात राजाने विचारलं, "पैंजण कुठे आहे?"

वनिताने डावीकडे मान वळवली. तिथे आम्ही दोघं होतो, मी संहिता घेऊन आणि अंकल बूट घेऊन. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ती पुढचं वाक्य विसरली आहे. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या तोंडासमोर बूट आला.

अंकलनी तो मला गप्प करायला धरला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वनिताकडे पाहत होते. ज्या माणसाला नाटकातला एक श्वास लांबलेला खपत नसे, तो बूट वर धरून थांबला होता. वनिता आमच्याकडे बघतच राहिली. नर्स माणूस, रात्रपाळीत एखाद्याच्या उशाशी बसून, हा आता उठतो की नाही, अशी ती बघत असेल, तशी बघत होती. हॉलमध्ये कुणी खोकेना. वडा खाणारे दारात येऊन उभे राहिले. मग अंकलनी बूट खाली घेतला, ओठ हलवले, आणि ती राजाकडे वळून, वॉर्डचा आवाज बाजूला ठेवून, अगदी हळू म्हणाली, "ज्याचं होतं, त्याच्याकडे गेलं."

पुढचं पद कुणाला ऐकूच आलं नाही, एवढ्या टाळ्या वाजल्या. वनिताला वाटलं, लोक हाकलतायत. तिला पुन्हा पुढे ढकलावं लागलं.

पडदा पडल्यावर अध्यक्ष धावत आत आले. "अप्रतिम! अद्वितीय! कुमुदताईंपेक्षाही, मी तर म्हणेन… आता नाटक बंद करायचा प्रश्नच नाही. वनिताताई आहेत तोवर 'पैंजणहरण' आहे!"

पंप अंकल बूट घालत होते. ते तसेच वाकलेले राहिले.

"आला का पुन्हा!" ते म्हणाले. "एक स्टार घालवायला मला इतकी वर्षं लागली, तुम्ही एका प्रयोगात दुसरी केलीत."

"अहो, तुम्हीच केलीत," मी म्हटलं. "बूट कुणी धरला होता?"

त्यांनी बुटाची नाडी आवळली. पुढच्या शुक्रवारी ते वनितासाठी नवी स्टँडबाय घेऊन आले. आणि हँडओव्हरमध्ये ती लांबलेली नजर आपोआप पुढच्या राणीकडे गेली. आजतागायत कुठलीही राणी त्याहून लवकर वळलेली नाही.

मग एका वर्षी गोदीत प्लॅनिंगचं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि अंकलचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. ही बातमी त्यांनी तालमीच्या शेवटी, पंखे बंद करता करता सांगितली. सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि ते बोललं मेहुण्याने, जो आता मुरलेला राजा होता.

"साहेब, तुमच्या जागेवर कोण? तुमचा स्टँडबाय?"

जहाजावरच्या प्रत्येक पंपाला आणि दरबारातल्या प्रत्येक भालदाराला जोडीदार शोधणाऱ्या माणसाने बराच वेळ पंख्याच्या बटणाकडे पाहिलं.

"राहूनच गेलं," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे त्यांच्या मते मोठी पात्रता होती, ती म्हणजे मला अभिनय येत नव्हता. दोन शुक्रवार हँडओव्हर झाला. पडदा कुठे अडकतो, कुणाला प्रयोगाआधी रागवायचं आणि कुणाला मुळीच नाही, अध्यक्षांचं भाषण लांबलं की लाइट कुणाला सांगून घालवायचे, सगळं सांगितलं. बुटाबद्दल अक्षर बोलले नाहीत.

विमानतळावर तीन सेनापती, दोन प्रधान, वनिता, सगळे आले होते. अंकल रांगेत उभे होते, पेटीला दोरी बांधलेली. तेव्हा मी एका खांबामागून पुढे झाले.

"अंकल, मिशी राहिली."

हा मी केलेला विनोद होता. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, आणि मिशी निघाली. सवयीने तिथेच राहिली होती. त्यांनी ती उजेडात धरून तपासली, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली.

"जपून," ते म्हणाले. "डाव्या टोकाला विरळ झालीय."

त्यांच्याशिवायच्या पहिल्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली तरी कुणी स्टेजवर जाईना. राजा माझ्या पायांकडे पाहत होता. सेनापती माझ्या पायांकडे पाहत होता. वनिता म्हणाली, "बाई, बूट."

"कशाला?"

"काढा हो. उगं कशाला परीक्षा?"

मी डाव्या पायातली सँडल काढून हातात धरली. पडदा वर गेला. प्रयोग रंगला. प्रधान वेळेवर खोकला.

पुढच्या सुट्टीत मी अलिबागजवळच्या नागावला त्यांच्या वाडीत गेले. नारळी-पोफळीत विहीर, विहिरीवर दोन पंप. एक चालू, एक पुसून ठेवलेला. काकूंनी शहाळं आणून दिलं आणि म्हणाल्या, "पंपाला जोडीदार आहे. मला मात्र इतकी वर्षं एकच नवरा, आणि तोही समुद्रापार."

अंकलनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. "प्रयोग झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"चालला?"

"छान चालला."

"कुठे काही अडलं?"

"नाही. काहीच नाही."

"वा," ते म्हणाले. "उत्तम." आपलं जहाज आपल्याशिवाय पोहोचल्याची तार आलेल्या माणसाचा तो आवाज होता. त्यांच्या आयुष्यभराचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते विहिरीत बघत होते. मला राहवेना. मी सांगितलं की तिसऱ्या घंटेला मी डावी सँडल काढल्याशिवाय एक माणूस स्टेजवर गेला नाही, आणि आता दर प्रयोगाला मी ती हातात घेऊनच उभी असते.

त्यांनी मान वर केली. "डावी?"

"डावी."

"हातात?"

"हातात. पडदा पडेपर्यंत."

ते एकदम हसायला लागले. एवढे हसले की काकू बाहेर आल्या. मग त्यांनी चप्पल काढून मला डावा तळपाय दाखवला. करंगळीखाली एक जुना, कातडी ओढलेला व्रण होता.

"कुरूप," ते म्हणाले. "उभं राहिलं की ठणकायचं. इथे येऊन काढून घेतलं, अलिबागला, एका डॉक्टरकडून. आता काही नाही." आणि डोळे पुसत पुन्हा म्हणाले, "हातात!" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा उजळलेला होता. निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत येऊन विचारलं, "सँडल उंच टाचेची नसते ना? हातात बरी दिसत नाही मग."

काही वर्षांनी माझंही कॉन्ट्रॅक्ट संपलं. माझ्या जागी आला तो ठाण्याचा एक तरुण अकाउंटंट, हुशार, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारा. त्याला मी दोन शुक्रवार सगळं दिलं. शेवटच्या प्रयोगाला तो माझ्या शेजारी विंगेत उभा होता. तिसरी घंटा झाली. दरबार आमच्या पायांकडे बघत थांबला.

"मॅडम, हे बुटाचं नक्की काय आहे?" त्याने कुजबुजत विचारलं. "काही लॉजिक?"

मला कारण माहीत होतं. पण पलीकडे राणी पदर सावरत होती, प्रधान घसा साफ करत होता, आणि हॉलमधले दिवे मंद होत होते.

"काढ," मी म्हटलं. "चालू पंप उघडून बघायचा नसतो."